पान उघडेपर्यंत

रविवार, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, सकाळ. ठिकाण नांदेड, आमच्या घराची रस्त्याकडची बाल्कनी. हजर: अव्वा, म्हणजे माझी आई, मी, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या प्रभावतीबाई. फोनवर हजर: धाकटा भाऊ शिवराज, लातूरहून. गैरहजर: आमचे हे, नोकरी किनवटला, काल आले आणि आज पहाटेच परत गेले.

सोयाबीनच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. ताडपत्रीच्या कडेने भुसा उडतो आणि बाल्कनीच्या कठड्यावर पिवळट धूळ बसते. मी सकाळ-संध्याकाळ पुसते, तरी बसते. अव्वा त्या धुळीवरून बोट फिरवते, बोट नाकाशी नेते. मागच्या वर्षी बोट नाकाशी गेलं की लगेच प्रश्न यायचा, "मशीन आलं का गं?" मशीन म्हणजे मळणीयंत्र. या वर्षी ती बोट नाकाशी नेते, मग पदराला पुसते, आणि रस्त्याकडे बघत राहते. मी उत्तर तयार ठेवून उभी असते. प्रश्न येत नाही. तेव्हा मागचा हंगाम आठवतो, जेव्हा प्रश्नांना उसंत नव्हती आणि उत्तरं वेळेवर सापडत नव्हती.

आमच्याकडे आईवडील मुलांकडे पाळीने राहतात. मुलग्यांकडे, हे वेगळं सांगायला नको. लेकीच्या वाट्याला आईची पाळी आली असं आमच्या जळकोटच्या आसपास कुणी ऐकलं नसेल. पण आप्पा, म्हणजे वडील, गेल्यावर शिवराज एकटाच मुलगा, आणि त्याचं लातूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, अडतीचं दुकान. सोयाबीन आलं की तो उजाडायच्या आत घराबाहेर पडतो आणि अंगभर धूळ घेऊन परततो, भावजयीचीही शाळेत नोकरी. म्हणून ठरलं की हंगामापुरती अव्वा माझ्याकडे. ठरवणारे आम्ही दोघं. अव्वाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जावयाच्या घरी? दोन दिवस राहीन, चोळी-बांगडी घेईन, येईन." आम्ही हो म्हणालो. तेव्हापासून प्रत्येक हंगामाला ती दोन दिवसांसाठीच येते.

देवाणघेवाण अहमदपूरला होते. लातूर आणि नांदेडच्या मध्ये ते बरं पडतं. रस्त्याकडेच्या एका हॉटेलात शिवराज चहा सांगतो, अव्वाच्या बशीत ओततो, आणि तिची पिशवी माझ्या गाडीत ठेवतो. पिशवीत औषधाचा डबा, भस्माची वडी, इष्टलिंग ठेवायची चांदीची करडी, दोन लुगडी आणि एक जुनी कांबळ. मागच्या वर्षी पिशवी ठेवून तो म्हणाला, "अक्का, घे तुझी शिष्यवृत्तीच्या परीक्षेची पोरगी. आता हिचे प्रश्न सोडव."

"माझ्या विकीत लिहिलंयस का नवीन काही?"

"तुझी विकी? ते चाक फिरतं आणि फिरतच राहतं. आमचा हमाल बिडी ओढून येतो तवर तुझं पान उघडत न्हाई."

अव्वा बशी फुंकत होती. ती म्हणाली, "हमालाला पैले चहा दे."

विकी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या ऑफिसात अजून निम्म्यांना वाटतं की मी इंटरनेटवरच्या त्या मोठ्या ज्ञानकोशात लिहिते. तसं नाही. ही माझी घरगुती टिपणवही, लॅपटॉपवर आणि घरच्यांच्या फोनवर उघडणारी. हव्या त्या शब्दाचं पान करायचं. दुसऱ्या पानात तो शब्द आला की त्याच्यावर बोट ठेवलं की हे पान उघडतं. सुरुवात मिक्सरच्या वॉरंटीपासून झाली. मग गॅसची टाकी कधी लावली, काळ्या मसाल्याला कोणती मिरची घेतली, पाहुण्यांत कुणाला कांदा चालत नाही, घराच्या कराची पावती कोणत्या फायलीत. मी कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. तिथे मागितलेला कागद मी उभ्या उभ्या काढून देते; घरी का शोधत बसावं, एवढाच विचार होता.

अव्वाचं विसरणं वाढलं तसं विकीत एक नवं पान आलं, मग शंभर. प्रत्येक पान म्हणजे ती विचारते असं एक माणूस किंवा एक गोष्ट. पानावर पहिली ओळ: उत्तर. दुसरी ओळ: काय सांगू नये. नमुन्यादाखल सांगते. "मशीन आलं का?" उत्तर: उद्या सकाळी येणार. काय सांगू नये: मळणी झाली. झाली म्हटलं की पोती मोजणं सुरू, "कट्टे किती?" आणि त्याला शेवट नाही. "बनीम झाकली का?" बनीम म्हणजे कापून रचलेला सोयाबीनचा ढीग, पाऊस आला तर शेंगा तिथेच कुजतात. उत्तर: झाकली, ताडपत्रीवर दगड ठेवले. दगड सांगायला विसरलं की ती उठून दगड शोधायला लागायची. एकदा माझ्या कुंड्या उचलून दारापर्यंत नेल्या. "आप्पा जेवले का?" उत्तर: जेवले, मोंढ्यात गेलेत. "नागम्मा का येईना?" नागम्मा तिची धाकटी बहीण, औरादला दिलेली. उत्तर: गुडघा दुखतो, बस चढवत नाही.

आप्पा नाहीत. नागम्मामावशीही नाही.

कुणी म्हणेल, एवढं लिहायचं कशाला, पाठ करायचं. केलं होतं. पण उत्तरं शिळी व्हायची. आठवडाभर चाललेलं उत्तर एका सकाळी तिला पटेनासं व्हायचं. "गुडघा दुखतो म्हणून सख्ख्या बहिणीला भेटायचं न्हाई का?" मग नवं शोधायचं, आणि ते लातूरला, प्रभावतीबाईंना, यांना, सगळ्यांना तेच माहीत हवं. लातूरला नागम्माचा गुडघा दुखतो आणि नांदेडला ती तीर्थाला गेली, असं झालं की अव्वा दोन्ही शहरांवरचा विश्वास काढून घ्यायची. तिला आजचा वार आठवत नव्हता, पण आपल्याला दोन तोंडांनी सांगितलं जातंय हे बरोबर कळायचं.

आणि वेळ. प्रश्न विचारल्यापासून ती घाबरेपर्यंत मध्ये एक फट असायची, घोटभर पाणी प्यायला लागतं तेवढी. त्या फटीत उत्तर पडलं तर ती "बरं" म्हणायची आणि पुन्हा रस्त्याकडे बघायची. उशीर झाला तर आमच्या तोंडाकडे बघायची, आणि आमच्या तोंडावर जे असायचं ते तिला पुरायचं. म्हणून मला घाई होती, आणि माझी विकी मात्र दिवसेंदिवस जड होत चालली होती.

मागच्या हंगामातली दुपार. मी ऑफिसात, टेबलावर परीक्षा फॉर्मांचे गठ्ठे. प्रभावतीबाईंचा फोन.

"ताई, अव्वा नागम्माचं विचारायल्यात. गुडघ्याचं सांगितलं तर म्हणायल्यात, गुडघा बरा झाला मनून तूच काल बोललीस. आता काय सांगू?"

मला आठवत होतं की आदल्या रात्री मी नवं उत्तर लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते आठवत नव्हतं. "थांबा, बघते," म्हणाले आणि विकी उघडली. पडद्यावर चाक फिरायला लागलं. फोनमधून अव्वाचा आवाज वर वर चढत होता. चाक फिरत होतं. "ताई, लवकर." चाक. आणि मग प्रभावतीबाई, त्यांचा तरी काय दोष, फक्त मलाच ऐकू जातंय असं समजून हळूच म्हणाल्या, "त्या तर वारल्या म्हणं की दोन साल झाले."

अव्वाचा आवाज थांबला. मग म्हणाली, "कवा?" मग म्हणाली, "माती झाली का? मी येईपर्यंत ठेवा म्हणावं. माझी पिशवी कुठंय? औरादची गाडी लाव." फोन पलंगावर पडलेला असावा, कारण सगळं दुरून ऐकू येत होतं: कपाटाचं दार, बांगड्या, "नागी, नागी गं." तेवढ्यात माझ्यासमोर पान उघडलं. उत्तर: नातवाच्या बाळंतपणाला हैदराबादला गेली आहे. घाईत लिहिलं होतं. सुनेच्या, असं हवं होतं.

घरी पोचले तेव्हा ती पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. कपाळावर भस्म लावून तयार. मी हैदराबादचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत मातीचं विसरली, पण रडणं राहिलं, कशासाठी रडतेय ते न कळता ती रडत राहिली, आणि मला विचारत राहिली, "काय झालं असंल गं?"

त्या आठवड्यापासून मी विकीच्या मागे लागले.

हे काम मला आवडलं, हे लिहायला हवं. दिवस तसे होते की दुसरं काहीच हाताला लागत नव्हतं, आणि हे लागत होतं. आधी कारण शोधलं. सगळी पानं एकाच फाइलमध्ये होती, आणि एक पान हवं असलं तरी ती फाइल आख्खी वाचली जायची. त्यात मी फोटो कोंबले होते: औषधाच्या चिठ्ठ्या, अव्वाच्या सुजलेल्या घोट्याचे रोजचे फोटो, ताटात काय उरलं त्याचे फोटो. ते सगळे बाहेरच्या एका फोल्डरमध्ये काढले आणि पानावर फक्त त्यांचा पत्ता ठेवला. विकी निम्म्याने हलकी झाली. मग पहिलं पान. तिथे मी हौसेने मोठी यादी ठेवली होती, अलीकडे बदललेली पानं, आजची औषधं, न सुटलेले प्रश्न. ती यादी प्रत्येक वेळी नव्याने तयार व्हायची. म्हणजे कुणी एका घराचा पत्ता विचारावा आणि आपण आधी गावाची शिरगणती करावी. यादी काढून टाकली. पहिल्या पानावर नुसती एक रिकामी चौकट ठेवली, शोधायची. तीही बिघडलेली होती: 'ना' टाइप केलं की विकी ना असलेलं सगळं शोधायला धावायची, 'नाग' केलं की परत सुरुवातीपासून. तिला शिकवलं की शब्द पुरा होऊ दे, बटण दाबल्यावर धाव. मग घरगुती पानं वेगळी काढली. मसाला, मिक्सर, कराची पावती एका जुन्या फाइलमध्ये गेली. चालू विकीत फक्त अव्वा राहिली. शेवटी तीन महिन्यांत न विचारलेले प्रश्न एका तिसऱ्या फाइलमध्ये, तिचं नाव 'मागील'.

हे सगळं मी संध्याकाळी करायचे, अव्वाच्या समोर खुर्ची टाकून. ती विचारायची, "काय निवडायलीस?" मी म्हणायचे, "तूर." ती म्हणायची, "खडे बघ." दिवेलागणीला रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे छतावरून सरकत जायचे. धुळीने घसा खवखवायचा आणि हाताला बारीक खाज सुटायची, सोयाबीनच्या भुशाची. ती खाज मला लहानपणापासूनची वाटायची, पण ते खरं नाही. माझ्या लहानपणी आमच्या शेतात सोयाबीन नव्हतंच. मूग, उडीद आणि हायब्रीड ज्वारी होती. सोयाबीन आलं तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि दिवाळीला पाहुणी म्हणून जात होते. खळ्यावर अव्वा डोक्याला फडकं बांधून मशीनच्या तोंडाशी उभी असायची, भुवया पांढऱ्या, फक्त डोळे काळे. मला बघून मशीनच्या आवाजावरून ओरडायची, "लांब हो, साडी खराब होईल!" तिच्या आठवणीत आता दोन्ही काळ एकत्र झाले होते. एकाच दमात ती कणसं खुडायला माणसं सांगायची आणि मशीनवाल्याला फोन लावायला सांगायची. दोन्हींना उत्तर एकच चालायचं: उद्या.

दिवाळीच्या सुमाराला विकी मला हवी तशी झाली. नाव टाइप करून बटण दाबलं की पान समोर. चाक दिसेनासं झालं. मी शिवराजला फोन करून मुद्दाम म्हटलं, "विचार काहीतरी."

"बनीम."

"झाकली, ताडपत्रीवर दगड ठेवले."

"आप्पा."

"जेवले, मोंढ्यात गेलेत."

 तो म्हणाला, "मोंढ्यात तर मीच बसून राहिलोय अक्का. इथं तर न्हाई आले."

मला वाटलं होतं तो हसेल.

तेव्हा मी मनाशी एक धरून चालले होते: आजार म्हणजे उशीर. प्रश्न आणि उत्तर यांच्यातली फट बुजवली की भीतीला शिरायला जागाच राहणार नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की ही वाट उताराचीच आहे, वेगाचा तेवढा फरक. मी वेगाचं ऐकलं आणि उताराचं ऐकलं नाही. थोडे दिवस माझं बरोबरही वाटलं. अव्वा विचारायची, उत्तर पडायचं, "बरं." दिवसभर बरं, बरं. प्रभावतीबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या फोननं तर अव्वाला पार शांत केलं." त्यांच्याकडेही एक जुना फोन देऊन ठेवला होता. शांत आणि गप्प यांतला फरक तेव्हा आमच्यापैकी कुणाला ओळखू आला नाही.

मग समोरच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. चांगल्या बाई आहेत. अव्वाच्या शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नशीबवान आहात हो अव्वा. मुलगा नाही करणार एवढं लेक करते तुमचं."

अव्वा म्हणाली, "कुणाची लेक?"

"ही काय, तुमचीच. तिच्या घरी तर बसलाय."

अव्वाने माझ्याकडे पाहिलं, आणि ओळखलं. कित्येक महिन्यांनी तिने मला पुरतं ओळखलं; माझ्या कपाळापासून पायापर्यंत बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं की पुढचं काय ते कळायला वेळ लागला. तिने हातातला लाडू ताटात ठेवला. "लेकीच्या घरी बसले मी? कवापासून? जेवलेसुद्धा?" पदर सावरत उठली. "जावई काय म्हणत असतील. लोक काय म्हणतील, पोराने टाकली म्हणतील. शिवाला फोन लाव. इथं पाणी पिणार न्हाई मी आता." आणि प्याली नाही. औषधही घेतलं नाही, कारण ते पाण्याबरोबर घ्यायचं. काकू ओशाळून निघून गेल्या. मी तिला यांच्याशी फोनवर बोलायला लावलं. जावई स्वतः म्हणाले, राहा की अव्वा, तुमचंच घर आहे. त्यावर तर ती डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. जावयाशी बोलायचं तर भिंतीकडेच तोंड करून, ही तिची रीत, फोन असला तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच. शेवटी मी वरण-भात कालवून तिच्यासमोर जाऊन बसले. तिने मान वर करून पाहिलं. ओळख निघून गेली होती.

"बाई, तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "मी इथं मदतीला असते."

"पगारी?"

"हो."

"मग ठीक," अव्वा म्हणाली, आणि तोंड उघडलं. सगळं जेवली. पाणी प्याली. हात पुसताना म्हणाली, "हाताला चव आहे तुमच्या. कुठल्या गावच्या?"

"जळकोटकडच्या."

"आमच्याच बाजूच्या की!" आणि हसली.

त्या हंगामाचे उरलेले दिवस मी बाई होऊन काढले. घर कुणाचं, तर एका ओळखीच्या माणसाचं. घरात कुणी मला अव्वाची लेक म्हणायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. शिवराज म्हणाला, "मग मी काय म्हणू तुला? मावशी?" मी म्हणाले, "काही म्हणू नको." अव्वा नीट जेवू लागली, झोपू लागली. पाय चेपताना मला तुम्ही म्हणायची, घरचं सांगायची, मोठी लेक कशी हट्टी आहे, नोकरीसाठी कशी भांडली, ते सांगायची. मी म्हणायचे, "हो का?" आणि मग एकदा तिने विचारलं. "माझी लेक नांदेडलाच असते. एवढ्या जवळ असून येईना कशी?"

मी सवयीने फोन काढला आणि चौकटीत माझं नाव टाइप केलं. बटण दाबलं. पान नव्हतं. सगळ्यांची पानं केली होती. आप्पा, नागम्मा, शिवा, विकलेली म्हैस, बुजवलेली विहीर. माझं करायचं कारणच पडलं नव्हतं. मी समोर असतानाही माझ्याबद्दल विचारलं जाईल, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

मी पान तयार केलं आणि उत्तरं लावून पाहिली. "येते म्हणाली आहे" म्हटलं तर ती जेवायची थांबली; लेक येतेय तर तिच्याबरोबर जेवीन. रात्री ताट तसंच. "लांब बदली झाली" म्हटलं तर रडली, "मला सांगून गेली न्हाई" म्हणून. "तब्येत बरी नाही" म्हणून पाहिलं तर पिशवी घेऊन उठली. आणि "मीच आहे" म्हणून पाहिलं, दोनदा. दोन्ही वेळा तिने पाणी बाजूला सारलं. चारही ओळी आता 'काय सांगू नये' खाली आहेत. उत्तराची ओळ मोकळी आहे.

आता या वर्षीचं. परवा अहमदपूरला शिवराजने पिशवी गाडीत ठेवली. चहा सांगितला, बशीत ओतला. अव्वाने बशी स्वतः धरली नाही. तो म्हणाला, "अक्का, हल्ली काही विचारत न्हाई गं. मशीन न्हाई, बनीम न्हाई. आप्पाचं तर उन्हाळ्यापासून न्हाई."

"नागम्मा?"

"न्हाई."

"मग दिवसभर काय करते?"

"बसून राहती. मी दुकानातून आलो की धूळ झटकती माझ्या अंगावरची. तेवढंच." मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "एक तेवढं विचारती. तुझं. लेक कुठंय म्हणून. मी तुझ्या विकीत बघितलं. खरंच बघितलं, पहिल्यांदा. टाइप केलं तर फटकन उघडलं. पण उत्तर न्हाई तिथं. काय सांगू मग?"

मी म्हणाले, "लिहिते."

आल्यापासून मी विकी आवरते आहे. तीन महिन्यांत न विचारलेलं ते 'मागील'मध्ये, हा माझाच नियम. त्या नियमाने आप्पा गेले, नागम्मा गेली, मशीन, बनीम, ताडपत्री, म्हैस, विहीर गेली. मागच्या वर्षी एवढ्या संध्याकाळी घालवून मी जी हलकी केली ती आता माझ्या मदतीशिवाय हलकी होत चालली आहे. चालू विकीत आज सकाळपासून एकच पान आहे, आणि एक पान शोधायला कसला वेळ लागणार.

अव्वा बाल्कनीत आहे. प्रभावतीबाई तिची वेणी घालतायत. खालून एक गाडी गेली, कठड्यावर पुन्हा धूळ बसली. फोन चालूच आहे, शिवराज मोंढ्यातल्या गलक्यातून ओरडतोय, "लिहिलं का अक्का?" अव्वाने मान वळवली. प्रभावतीबाईंच्या हातात अर्धी वेणी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाली, "बाई, माझी लेक इथंच कुठंतरी असते. तुम्ही बघितली का?"

सकाळच्या गोळीची वेळ झाली आहे, पाण्याचा पेला माझ्या हातात आहे. पान उघडलेलं आहे. उत्तर लिहायचं बाकी.